उंबराच्या पाण्याचा फोटो

मनुष्य जेव्हा सख्ख्या भावाशी बोलणे टाकतो, तेव्हा त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही उरले नाही असे लोकांना वाटते. वस्तुतः सांगण्यासारखे इतके साचलेले असते की पहिला शब्द कोणता काढावा हेच त्याला उमगत नाही. व्हॅलेंटाईनचे गेली आठ वर्षे असेच चालले होते.

त्याचा धाकटा भाऊ पर्सी ठाण्याला, खाडीकडच्या जुन्या गावठाणात, वडिलोपार्जित जमिनीवर उठलेल्या सात मजली इमारतीत राहत होता. व्हॅलेंटाईन डोंबिवली पूर्वेला एका अरुंद गाळ्यात पासपोर्ट फोटोचे दुकान चालवीत होता. या तफावतीचा त्याला राग नव्हता. वाटणीत घर आणि अंगण पर्सीला गेले ते योग्यच झाले, असे तो चारचौघांत म्हणत असे. कारण आईचे अंथरुणावरचे सगळे पर्सीने आणि त्याची बायको रीटा हिने कपाळाला आठी न घालता काढले होते. व्हॅलेंटाईनचा राग होता तो विहिरीपायी.

अंगणाच्या कोपऱ्यात, उंबराच्या झाडाखाली, काळ्या दगडी कठड्याची ती विहीर होती. वाटणीच्या दिवशी बापाने दोघांना समोर बसवून सांगितले होते, "घर पर्सीचं. शेत विकलं ते व्हॅलीचं. पन विहीर दोघांची." कागदावर हे कुठेही नव्हते, कारण बापाचा शब्द कागदावर घ्यावा असे त्या घरात कोणाला सुचले नसते. पुढे बिल्डर आला, तेव्हा पर्सीने छातीवर क्रूस करून सांगितले, "व्हॅली, विहिरीला हात नाय लागनार. वर जाळी बशवतील, बाजूला बाकडा ठेवतील." व्हॅलेंटाईनने विश्वास ठेवला. तो दोन दिवस कल्याणला एका लग्नाच्या कामाला गेला आणि परत येऊन पाहतो तो उंबर आडवा पडलेला, कठड्याचे दगड विहिरीच्याच पोटात लोटलेले, आणि वर मुरमाचा ढीग. जेसीबीवाला सावलीत बसून वडापाव खात होता. पर्सी घरात होता. तो बाहेर आला नाही.

व्हॅलेंटाईननेही त्याला हाक मारली नाही. तो आल्या पावली स्टेशनकडे वळला, आणि त्या दिवसापासून दोघा भावांमध्ये शब्द नाही.

त्या गावठाणातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचे पाणी आणण्याची रीत आहे. बॅन्ड लावून, लुगडी नेसून, डोक्यावर घडे घेऊन बायका विहिरीवर जातात. नवरीचा बाप विहिरीला विडा आणि दारूचे चार थेंब देऊन तिचा मान राखतो. आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. पर्सीच्या अंगणातल्या विहिरीवर अर्ध्या गावठाणाच्या नवऱ्या न्हाल्या होत्या. विहीर बुजल्यावर लोक नळाचे पाणी घड्यात भरू लागले. तोंडावर पर्सीला कोणी बोलले नाही, कारण चर्चच्या सणाला मंडप तोच घालत असे. लोकांचे हे गप्प राहणे व्हॅलेंटाईनला विहीर बुजण्याइतकेच झोंबले होते.

अशा स्थितीत एका दुपारी पर्सीची एकुलती एक मुलगी व्हेनेसा दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. भावाशी अबोला असला तरी पुतणीवर त्याचा जीव होता, आणि ती हे पुरेपूर ओळखून होती.

"काका, मी मागच्या रविवारी पण आलेले. शटर लावून कुठे गायब झालेलास?"

"दुर्गाडीच्या पुलावर. संध्याकाळचे फोटो काढायला."

"मला वाटलंच! ऐक, माझं लग्न ठरलंय. कल्याणचा आहे, नील नाव. आणि उंबराच्या पाण्याचे फोटो तू काढायचेस. फ्लॅशवाला नको मला. त्या फ्लॅशमध्ये सगळ्या बायका भाजलेल्या पापडासारख्या दिसतात. तुझ्यासारखे पाहिजेत. अंधारातले, फिरलेले."

"बापाला विचारलंस?"

"लग्न माझं आहे की त्याचं?"

"पाणी कुठून काढणार? बाथरूममधून?"

व्हेनेसाने नजर खाली घातली. "पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, पप्पाने एक विहीर बसवलीये. फायबरची. आतून लाईट लागतात."

व्हॅलेंटाईनच्या हातातली कात्री पासपोर्ट फोटोवर थांबली. नाही म्हणण्यासाठी त्याने तोंड उघडले होते. परंतु त्याच क्षणी त्याच्या मनात एक चित्र उमटले, आणि ते इतके स्वच्छ होते की त्याचे त्यालाच नवल वाटले. त्याने फोटो नीट कापून पाकिटात घातला आणि म्हणाला, "येईन."

आता व्हॅलेंटाईनची फोटो काढण्याची तऱ्हा सांगणे भाग आहे, कारण त्याच्या मनातला सूड त्या तऱ्हेवरच उभा होता.

तरुणपणी तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ग्राइंडरवर कामाला होता. शेजारच्या मशीनवर उडणाऱ्या ठिणग्यांचा फोटो काढावा म्हणून त्याने एकदा उसना कॅमेरा आणला आणि फ्लॅश बंद पडला म्हणून शटर नुसतेच उघडे ठेवले. फिल्म धुऊन आली, तेव्हा ठिणग्यांच्या जागी सोन्याच्या तारांचे झाड उगवलेले होते. त्या दिवसापासून तो अंधाराच्या नादी लागला. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवायचा, शटर दीर्घकाळ उघडे ठेवायचे, आणि रस्त्यावरचा, दुकानांतला, गाड्यांचा जो काही उजेड असेल तेवढाच आत घ्यायचा. अशा फोटोत जो हलतो तो धुरासारखा फिसकटतो किंवा दिसतच नाही. जो स्थिर राहतो तोच उमटतो. एका नवरात्रात टेंभी नाक्यावर त्याने असा फोटो काढला होता. हजारोंची गर्दी त्यात नदीसारखी वाहून गेली होती आणि मधोमध एकटी वेणी-गजरे विकणारी बाई, पाटी मांडीवर घेऊन, दगडात कोरल्यासारखी बसलेली होती. हातात लहान बॅटरी घेऊन अंधारात फिरले, तर हवेत रेघाही काढता येतात. काढणारा काळे कपडे घालून हलता राहिला तर तो फोटोत येत नाही, मागे उरते ती फक्त उजेडाची रेघ.

त्याचा बेत असा होता. पोडियमवरच्या फायबरच्या विहिरीला तो हातही लावणार नव्हता. तो सगळ्यांना खाली गाड्यांच्या तळावर नेणार होता, जिथे खरी विहीर होती. नवरीच्या बापाने विहिरीला विडा द्यायचा असतो. तेव्हा पर्सीला त्याच जागी उभे करणार होता. दिवे बंद करून, बॅटरीच्या उजेडाने तो पर्सीभोवती विहिरीचा कठडा काढणार होता. फोटोत बायका धूसर होऊन वाहतील, आणि पर्सी, आपल्याच हाताने बुजवलेल्या विहिरीत गुडघ्यापर्यंत उतरलेला पर्सी, लख्ख उमटेल. गावठाणात अलीकडे अशी पद्धत पडली आहे की उंबराच्या पाण्याचा एक फोटो दाराएवढा छापून रिसेप्शनच्या हॉलबाहेर लावतात. तो फोटो लागला की, आठ वर्षे गप्प बसलेल्या प्रत्येक माणसाला पर्सी कुठे उभा आहे ते आत शिरण्यापूर्वी पाहावे लागणार होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, डिसेंबरातला दिवस लवकर मावळतो म्हणून, तो उन्हे असतानाच ठाण्याला पोहोचला. आठ वर्षांत प्रथमच तो त्या फाटकातून आत गेला. गाड्यांच्या तळावर उतरून त्याने जागा शोधली. उताराच्या तोंडातून गल्लीतला जुना पांढरा क्रूस दिसत होता. आई पाणी ओढता ओढता त्याच क्रुसाकडे पाहून पुटपुटत असे. त्या क्रुसाशी सरळ रेषेत, कुंपणाच्या भिंतीपासून आठ-दहा हातांच्या अंतरावर ती जागा निघाली. तिथे गाडी उभी असेल आणि हलवायला सांगावी लागेल, असे त्याने गृहीत धरले होते. जागा रिकामी होती.

"पप्पाचीच जागा आहे," व्हेनेसा मागून येऊन म्हणाली. "पण तो गाडी लावत नाही इथे. भर पावसात पण बाहेर रस्त्यावर लावतो. मम्मी किती भांडते."

"का नाय लावत?"

"म्हणतो, वळवायला त्रास होतो."

व्हॅलेंटाईनने स्टँडचे पाय उघडले. 'बरे झाले,' तो मनाशी म्हणाला, 'जागा त्याला ठाऊक आहे तर.' एवढ्यावरच त्याने तो विचार संपवला.

अंधार पडू लागला तशी माणसे जमली. राघो बॅन्डवाला आपली दिव्यांची हातगाडी ढकलीत आला. तो शेजारच्या गावचा आगरी, व्हॅलेंटाईनच्या बरोबरीचा. दोघांनी एकाच शाळेतून एकाच वर्षी पळ काढला होता.

"आरं दादूस! जिवंत हायस तू?" राघो ओरडला. "आनि हे काय, लग्नाला आयलास का मैताला? पार काला होऊन आयलास!"

"फोटोसाठी लागतं."

"फोटो आमचा काढनार, आनि काला तू?"

घडा काखेत घेऊन रीटा उभी होती. आठ वर्षांनी दीर दिसला, तेव्हा काय बोलावे हे तिला कळेना. म्हणून तिनेही कपड्यांचाच आधार घेतला. "शुभकार्याला काळं कोण घालतं? आणि वर एवढी छान विहीर केलीये, सात रंग बदलते ती. खाली या गाड्यांच्या वासात कशाला?"

"मम्मी, वरची विहीर खेळण्यातली वाटते," व्हेनेसा म्हणाली. "काका सांगेल तिथे."

रीटाने नवऱ्याकडे पाहिले. पर्सी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. एका हातात विड्याचे ताट, दुसऱ्या हातात फोन. तो जन्माचा चुळबुळ्या मनुष्य. जेवताना उठून फेऱ्या मारायचा, चर्चच्या मिस्सेत सुद्धा तीनदा बाहेर जाऊन यायचा. परंतु आता तो पायरीवरच खिळला होता. खाली का नको, हे सांगायचे तर त्याला कारण द्यावे लागले असते, आणि ते कारण त्याने आठ वर्षांत बायकोलाही दिले नव्हते. पर्सी कारण देणार नाही, हे व्हॅलेंटाईनला पक्के ठाऊक होते. त्याने कॅमेऱ्यातून मान वर केली आणि आठ वर्षांतला पहिला शब्द उच्चारला.

"ये."

पर्सी आला. व्हॅलेंटाईनने बुटाच्या टोकाने जमिनीवर जागा दाखवली. पर्सीने त्या जागेकडे पाहिले, मग उताराच्या तोंडातून दिसणाऱ्या क्रुसाकडे पाहिले, आणि तिथे उभा राहिला. फोन त्याने खिशात टाकला.

"बायांनो, तुम्ही घडे घेऊन गोल फिरत राहायचं," व्हॅलेंटाईनने आवाज चढवला. "थांबायचं नाय. नाचा, गा, काय पन करा, पन हलत राहा. राघो, मी हात वर केला की वाजव, आनि मी सांगेपर्यंत बंद करू नको. नवरीच्या बापानं तेवढं हलायचं नाय."

वॉचमनने तळावरचे दिवे बंद केले. उरला तो उतारावरून येणारा रस्त्याचा पिवळा उजेड आणि राघोच्या हातगाडीवरचे लाल-हिरवे बल्ब. व्हॅलेंटाईनने हात वर केला. बॅन्ड सुरू झाला, बायकांनी फेर धरला, आणि हातातल्या रिमोटचे बटण दाबून त्याने शटर उघडले.

पहिला फोटो फुकट गेला. पर्सीने दोनदा खांदा हलवला, एकदा नाक पुसले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याच्या जागी नुसता राखाडी धूर दिसत होता. तो धूर पाहून व्हॅलेंटाईनच्या मस्तकात कळ गेली. इथूनही हा निसटतो की काय! त्याने रिमोट असा लावून घेतला की दुसऱ्यांदा दाबेपर्यंत शटर उघडेच राहावे. मग पतंगाचा पिवळा कागद गुंडाळलेली बॅटरी घेऊन तो अंधारात शिरला, थेट पर्सीच्या अंगापर्यंत. बॅन्डचा आवाज सिमेंटच्या छताला आदळून इतका घुमत होता की दोघांमधले बोलणे तिसऱ्याला ऐकू जाणे शक्य नव्हते.

"हलू नको," तो पर्सीच्या कानाशी म्हणाला. "हललास तर पुन्हा उभा करीन. रातभर उभा करीन."

"किती येल?" पर्सीने ओठ न हलवता विचारले.

"माझं होईपर्यंत."

बॅटरी गुडघ्याच्या उंचीवर धरून तो पर्सीभोवती फिरू लागला. "हा कठडा. तुझ्या ढोपरापर्यंत येतो. बरोबर ना? का इसरलास?"

"नाय इसरलो."

"ही पायरी. आय इथं घडा टेकवायची. हा रहाट." बॅटरी वर गेली, डोक्यावर एक वर्तुळ काढून खाली आली. "हा दोर. आता तू आत हायस, पर्सी. कसं वाटतं?"

"मना ठाव हाय मी कुठं उभा हाय ते," पर्सी म्हणाला. "तू जागा दावायच्या आधी ठाव होतं."

"छातीवर क्रूस केलेलास."

"केलेला."

"बाप बोललेला, विहीर दोघांची. तुझी अर्धी तू बुजवलीस, तुझा हक्क. माझी अर्धी दे."

"कुठून देऊ?"

"तेच इचारतोय मी! कुठून देशील ते सांग. माझी अर्धी विहीर दे मना!"

हे म्हणताना व्हॅलेंटाईन थांबला होता. तो पर्सीच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, पुढे वाकून उभा होता. एक हात पर्सीच्या छातीसमोर पसरलेला आणि दुसऱ्या हातातली बॅटरी रागाच्या भरात वर उलटलेली. आपण थांबलो आहोत हे त्याच्या ध्यानात आले नाही. अंधाराच्या या कामात त्याची उमर गेली होती आणि असली चूक त्याने कधी केली नव्हती. परंतु आजवर त्याने फोटो काढताना कोणाशी भांडणही केले नव्हते.

पर्सीच्या डोळ्यांत पाणी आले होते, ते पुसायला त्याने हात उचलला नाही. "तवा तू नुसता निघून गेलास," तो म्हणाला. "मी दाराच्या मागंच उभा होतो. वाटलं, आत येशील, एक ठेवून देशील कानाखाली. मारलं असतंस, तर बरं झालं असतं."

"आता मारतोय ना," व्हॅलेंटाईन म्हणाला, आणि त्याने रिमोट दाबला.

दिवे लागले. राघो घाम पुसत ओरडला, "आरं, फोटो काढलास का पिक्चर? माझं गाल फुटलं वाजवून वाजवून!" बायका हसत कॅमेऱ्याभोवती गोळा झाल्या. पडद्यावर चित्र उमटले आणि व्हेनेसाच्या तोंडून आधी एक आनंदाची किंकाळी निघाली.

विहीर खरोखरच उभी होती. पिवळ्या उजेडाचा कठडा, वर रहाट, खाली लोंबणारा दोर. भोवती लुगड्यांचे लाल-हिरवे पाणी फिरत होते, आणि त्यात एकाही बाईचा चेहरा ओळखू येत नव्हता. आत पर्सी उभा होता. त्याच्या सदऱ्याचे बटण न् बटण मोजता आले असते.

"काका," व्हेनेसा हळू आवाजात म्हणाली, "हा तू आहेस?"

पर्सीच्या समोर आणखी एक मनुष्य होता. काळे कपडे अंधारात विरले होते. म्हणून नुसता चेहरा आणि नुसता हात हवेत तरंगत होते. खालून पडलेल्या उजेडाने चेहऱ्याची हाडे वर आली होती, दात दिसत होते. पसरलेला पंजा थेट पर्सीच्या छातीवर टेकलेला दिसत होता. पाहणाऱ्याला एकच अर्थ लागला असता, की हा मनुष्य त्या मनुष्याला विहिरीत लोटतो आहे. रीटाने घडा खाली ठेवला.

पर्सीने मान लांब करून चित्र पाहिले आणि डोळे पुसले. "पुन्हा काढ, व्हॅली," तो सर्वांदेखत म्हणाला. "मी उभा राहतो. पाहिजे तेवढा येल."

"गरज नाय," व्हॅलेंटाईन म्हणाला. "कम्प्युटरवर मला पुसून टाकतो."

घरी जाऊन त्याने तसे केलेही. जेवण न करता तो कम्प्युटरपुढे बसला आणि स्वतःचा हात, मग हनुवटी, मग डोळे पुसत गेला. काम सोपे होते. भोवती काळोखच होता, काळोखावर काळोख चढवायचा. शेवटचा कान पुसून तो मागे रेलला आणि चित्राकडे पाहताच त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

फोटोतला पर्सी आता एकटा उभा होता. मान किंचित झुकलेली, डोळे ओले, हातात विड्याचे ताट, भोवती सोनेरी कडे. चर्चच्या कोनाड्यात मेणबत्त्या लावून बसवलेला एखादा संत असाच दिसतो. लोक दारात थांबतील, हात जोडतील, 'काय छान आलाय पर्सी' असे म्हणून आत जेवायला जातील. ज्याला लाजवायचे म्हणून एवढा खटाटोप केला त्याला आपण आपल्याच हाताने देव्हाऱ्यात बसवले! व्हॅलेंटाईनला कळून चुकले की त्या चित्रात गुन्हा दिसायचा असेल, तर फिर्यादीही दिसला पाहिजे. मग तो कितीही कुरूप दिसो. स्वतःचा तो वेडावाकडा चेहरा त्याला पाहवत नव्हता. गावठाणातल्या पोरीबाळी उद्या त्याच्याकडे कोणत्या नजरेने बघतील याचीही त्याला कल्पना होती. तरीही त्याने पुसलेले सर्व परत आणले. आधी डोळे, मग हनुवटी, मग हात.

परंतु लग्न व्हेनेसाचे होते, हे तो विसरला नव्हता. त्याने तिला फोन लावला.

"तो फोटो मी आहे तसा लावनार हाय, माझ्यासकट," तो म्हणाला. "तू नाय बोललीस, तर नाय लावनार. दुसरा देईन, तुझ्या एकटीचा."

पलीकडून बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता.

"पप्पा मघापासून खाली जाऊन बसलाय," ती म्हणाली. "त्या जागेवर. खुर्ची टाकून. मम्मीने विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं तिला, तुला दिलेला शब्द पण. मला पण." मग ती म्हणाली, "लाव. पण माझी एक अट आहे, काका. फोटो लावायचा आणि तू पळून जायचं, असं नाही चालणार. पप्पा दारात उभा राहणार पाहुण्यांना हात द्यायला. तू त्याच्या बाजूला उभा राहायचंस, शेवटचा माणूस आत जाईपर्यंत. कबूल असेल तर लाव."

व्हॅलेंटाईनने याचा विचार केला नव्हता. फोटो टांगून, लांब खांबाआड उभे राहून, पर्सीचा चेहरा पाहावा असे त्याने योजले होते.

"कबूल," तो म्हणाला.

सकाळी विठ्ठलवाडीच्या छपाईवाल्याला उठवून त्याने फोटो दाराएवढा छापून घेतला. संध्याकाळी हॉलच्या दारात तो लागला. वरून दोन दिवे सोडले होते. फोटोच्या डाव्या अंगाला कोट घातलेला पर्सी उभा राहिला, उजव्या अंगाला लग्नासाठी नवा पांढरा सदरा घेतलेला व्हॅलेंटाईन. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही.

पाहुणे येऊ लागले. जो तो हसत, पाकीट चाचपत जिना चढून यायचा, फोटोसमोर यायचा, आणि त्याचे हसू ओठांवरच थिजायचे. चित्रातल्या विहिरीकडे एकदा, आतल्या माणसाकडे एकदा, लोटणाऱ्याकडे एकदा, आणि मग दारातल्या दोघांकडे. कोणी खाकरले, कोणी फोन काढला, कोणी बायकोला कोपर मारले. ज्यांच्या लेकी त्या विहिरीच्या पाण्याने न्हाल्या होत्या, त्या म्हाताऱ्या बायका तिथून हलेनात. एकीने छातीवर क्रूस केला. पर्सीची मान खाली गेली होती, पण एकाही पाहुण्याचा हात घ्यायला तो चुकला नाही. व्हॅलेंटाईन प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा देत होता. आठ वर्षे ज्यांनी नजर चुकवली, त्यांची नजर आज त्याच्या पुढ्यात येऊन पडत होती, आणि त्या प्रत्येक नजरेने त्याच्या काळजाला थंडावा मिळत होता. मात्र त्या नजरा त्याच्याही चेहऱ्यावरून सरकताना दचकत होत्या, हेही त्याला दिसत होते.

बस्त्याव मामा, गावठाणातला सर्वांत म्हातारा मनुष्य, काठी टेकीत आला. त्याने चष्मा पुसला, फोटोच्या अगदी जवळ नाक नेले, आणि बहिरा असल्यामुळे सबंध जिन्याला ऐकू जाईल असे विचारले, "आरं पोरांनो, ही तर आपली विहीर! ही बुजली ना? कोनी बुजवली?"

जिन्यावरची माणसे जागच्या जागी थांबली.

"मी," पर्सी म्हणाला. मामाला ऐकू गेले नाही. मग तो मोठ्याने, गळ्याच्या शिरा ताणून म्हणाला, "मी बुजवली, मामा!"

मामाने मान डोलावली. मग काठीचे टोक उचलून त्याने चित्रातल्या तरंगत्या चेहऱ्यावर ठेवले. "आनि हा कोन? व्हॅली ना तू? धरतोस का ढकलतोस त्याला?"

पर्सीने मान वर करून भावाकडे पाहिले. आतून बॅन्डचा सूर येत होता. नवरा-नवरी स्टेजवर चढत असावीत. म्हाताऱ्याला गोड वाटेल असे उत्तर व्हॅलेंटाईनच्या जिभेवर आले होते, आणि ते दिले असते तर सगळा जिना सुटकेचा श्वास टाकून हसला असता.

"ढकलतोय," व्हॅलेंटाईन म्हणाला, आणि मामाला हाताला धरून आत जायला वाट करून देत, मागच्या पाहुण्यापुढे त्याने हात केला.